रुळांवरची सोयरीक

परदेशच्या सहलीहून परतलेल्या कुटुंबाला “काय पाहिले?” असे विचारले, की उत्तरात राजवाडे, पूल, हिमशिखरे आणि संग्रहालये यांची यादी येते. “कोण भेटले?” असे मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि विचारलेच, तर सहलीतील आपल्याच गावची चार कुटुंबे, बसचालक आणि मार्गदर्शक यांपलीकडे सांगण्यासारखे फारसे काही नसते. आठ दिवसांत पाच शहरे पाहायची म्हटली, की स्थानिक माणसाशी दोन शब्द बोलण्याइतकी उसंतही उरत नाही. देश पाहून होतो. देशातील माणसे पाहायची राहून जातात.

ही उणीव भरून काढणारे एक साधे साधन आहे, ते म्हणजे आगगाडी. त्यातही ब्रिटनमधील जुन्या, छोट्या, हौशी मंडळींनी जिवंत ठेवलेल्या रेल्वे. अशा शंभराहून अधिक रेल्वे आज त्या देशात चालतात. तिकीट देणारा, झेंडा दाखविणारा, कोळसा टाकणारा, चहा देणारी, यांपैकी बहुतेक जण तेथे पगाराशिवाय, केवळ आवडीपोटी उभे असतात. त्यांच्याशी ओळख करून घेण्यास परिचयपत्र लागत नाही. “हे इंजिन कोणत्या साली बांधले?” एवढा प्रश्न पुरतो.

या परंपरेची सुरुवात जेथे झाली, ते ठिकाण वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. टोविन हे समुद्रकाठचे लहानसे गाव. बर्मिंगहॅमकडून येणारी रेल्वे डोंगर ओलांडून किनाऱ्याला लागते आणि येथे पोहोचते. गावातील दुसऱ्या, अगदी चिमुकल्या स्थानकावरून टॅलिलिन रेल्वे सुटते. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे सवादोन फूट आणि मार्गाची लांबी सुमारे सव्वासात मैल. ब्रिन एग्लुइस येथील खाणीतून पाटीचा दगड, म्हणजे छपरांना आणि शाळेच्या पाट्यांना लागणारा काळसर दगड, खाली आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास ती बांधण्यात आली. पुढील वर्षी प्रवासी वाहतूकही सुरू झाली. ‘टॅलिलिन’ आणि ‘डॉलगॉख’ ही तिची पहिली दोन इंजिने. त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळ याच दोघांनी सारा भार वाहिला.

१९११ मध्ये हेन्री हेडन जोन्स या स्थानिक गृहस्थांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. ते अनेक वर्षे पार्लमेंटचे सभासद होते. आपण हयात आहोत तोवर गाडी बंद पडू देणार नाही, हा त्यांचा शब्द. १९४६ च्या अखेरीस खाण बंद झाली आणि मालवाहतुकीचे उत्पन्न थांबले. तरीही त्यांनी पदरमोड करून उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी चालू ठेवली. १९४८ साली ब्रिटनमधील रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ही रेल्वे त्या यादीतून बाहेरच राहिली. जुलै १९५० मध्ये हेडन जोन्स निवर्तले. दिलेला शब्द पुरा झाला होता. पुढे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

त्या वेळी या कंपनीने एखाद्या बँकेकडे कर्जाचा अर्ज केला असता, तर तो कोणत्याही शाखेत पहिल्याच टेबलावरून परत आला असता. तारण काय? झिजलेले रूळ, कुजलेले स्लीपर आणि चालू स्थितीतील एकच इंजिन. उत्पन्न काय? मालवाहतूक शून्य आणि प्रवासी केवळ उन्हाळ्यात. मालकाचा मृत्यू झालेला, जाणत्या कामगारांची वानवा. अर्ज नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची त्यात काहीच चूक नसती. कागदावर दिसत होते ते एवढेच होते.

कागदावर न दिसणारी एक बाजू मात्र होती. टॉम रोल्ट हे पेशाने अभियंता आणि वृत्तीने लेखक. इंग्लंडमधील जुने कालवे वाचावेत म्हणून स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. हेडन जोन्स यांच्या हयातीतच त्यांनी ही रेल्वे पाहिली होती. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅममधील एका हॉटेलात त्यांच्या पुढाकाराने सभा भरली. सुमारे सत्तर माणसे जमली. रेल्वे आपण चालवू, मजुरी आपली, वर्गणी आपली, असे त्या सभेत ठरले. हेडन जोन्स यांच्या पत्नीने मनाचा मोठेपणा दाखवून कंपनीचे भाग नव्या व्यवस्थेकडे सोपविले. १४ मे १९५१ रोजी पहिली गाडी सुटली आणि रोल्ट तिचे पहिले व्यवस्थापक झाले. स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालविलेली ही जगातील पहिली रेल्वे होय.

पहिला उन्हाळा कसोटीचा होता. ‘डॉलगॉख’ या एकट्या इंजिनावर मुख्य मदार. रूळ इतके झिजलेले, की गाडी घसरणे ही नित्याची धास्ती. शेजारची, त्याच मापाची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती. तिची दोन इंजिने विकत घेण्यात आली. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, कारखान्यातील कामगार आपापली रजा घेऊन येत, दिवसभर रुळांखाली खडी भरत आणि रात्री मिळेल तेथे पाठ टेकत. १९५२ साली आलेल्या स्वयंसेवकांत रेव्हरंड ऑड्री नावाचे एक धर्मोपदेशक होते. आज घरोघरच्या नातवंडांच्या तोंडी असलेल्या ‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाचे जनक ते हेच. गार्डाचे काम करताना त्यांनी एकदा उपाहाराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना स्थानकावरच विसरून गाडी सोडली. पुढे तो प्रसंग त्यांच्या गोष्टीत अवतरला. टॅलिलिनवर बेतलेली त्यांची पुस्तके मुलांनी वाचली आणि मुले आईबापांना ओढून टोविनला घेऊन आली.

एका गावातील हा हट्ट पुढे चळवळ बनला. १९४६ मध्ये बंद पडलेली वेल्समधीलच फेस्टिनिऑग रेल्वे १९५५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा धावू लागली आणि त्यानंतर अशा रेल्वेंची मालिकाच उभी राहिली. टॅलिलिनने स्वतः १९७६ मध्ये आपला मार्ग नँट ग्वेर्नॉलपर्यंत वाढविला. २०२१ साली युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीच्या खाणींचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्या वारशात ही रेल्वेही समाविष्ट आहे. ज्या मालमत्तेची किंमत १९५० मध्ये भंगाराच्या भावाने झाली असती, तिचे हे आजचे मोल.

येथे जमा-खर्चाचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. स्वयंसेवकाचे श्रम वेतनपत्रकात येत नाहीत, म्हणून खर्चात दिसत नाहीत; त्याची निष्ठा तारण म्हणून लिहिता येत नाही, म्हणून मालमत्तेत दिसत नाही. परंतु तीच काढून घेतली, तर संस्था दुसऱ्या दिवशी उभी राहणार नाही. ताळेबंद खोटा नसतो; तो अपुरा असतो. त्याबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की केवळ प्रेमाने बॉयलर सुरक्षित होत नाही. या रेल्वेंनाही सरकारी सुरक्षा-नियम लागू असतात, तपासण्या होतात आणि काही पगारी जाणकार ठेवावेच लागतात. नवा स्वयंसेवक आला, की त्याच्या हाती आधी चिंधी येते आणि तो इंजिन पुसतो. मग फायरमनचे शिक्षण, परीक्षा, आणि कित्येक वर्षांनी चालकाची जागा. हौस आणि शिस्त यांची अशी सांगड पडली, म्हणूनच हा संसार टिकला.

प्रवाशाला आनंद होतो तो याच माणसांच्या सहवासात. लाकडी डब्यात समोरासमोर बसलेले अनोळखी प्रवासी पाच-दहा मिनिटांत बोलू लागतात. कोणी जर्मनीहून आलेला असतो, कोणी जपानहून. पहिला प्रश्न नावाचा किंवा नोकरीचा नसतोच, “तुमच्याकडे कोणत्या मापाचे रूळ?” हा असतो. या मंडळीत महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाने संकोचून गप्प बसण्याचे मुळीच कारण नाही. त्याच्या पदरी असा एक शब्द आहे, की तो उच्चारताच छोट्या रेल्वेंचा जाणकार कान टवकारतो. तो शब्द म्हणजे ‘बार्शी’.

एव्हरर्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल आणि माणसे वाहून नेता येतात, अशी त्यांची धारणा होती. प्रत्येक आसावर पडणारा भार पाच टनांच्या आत राखायचा आणि तो इंजिन-डब्यांवर सारखा वाटायचा, म्हणजे हलका रूळही मोठे काम करतो, हे त्यांचे सूत्र. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने ते सिद्ध केले. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून निघालेला हा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला. कापसाच्या गाठी आणि विठ्ठलाचे वारकरी यांना त्याच रुळांनी वाहिले.

हाच बार्शीचा अनुभव कॅलथ्रॉप यांनी मायदेशी नेला. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात त्यांच्या देखरेखीखाली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. इंजिने बार्शीप्रमाणेच लीड्सच्या किटसन कारखान्यातली. इंजिनाच्या कपाळावर मोठा दिवा, डब्यांचा घाट हिंदुस्थानी. विलायतेचे ज्ञान इकडे आल्याच्या कथा पुष्कळ आहेत. सोलापूर जिल्ह्याचा धडा विलायतेने गिरविल्याची ही कथा मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

त्या रेल्वेचा शेवट करुण झाला. दुधाची वाहतूक हा तिचा मुख्य आधार होता. तो मोटारींकडे गेला आणि मार्च १९३४ मध्ये गाडी थांबली. बर्मिंगहॅमची सभा भरण्यास तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता. रेल्वे अशी वाचविता येते, हेच कोणाला सुचलेले नव्हते. रूळ उखडले गेले आणि १९३७ मध्ये त्या जागी पायवाट खुली झाली. आजही दरीतून त्या वाटेने चालता येते आणि एक जुना बोगदाही ओलांडता येतो. बार्शीची ही विलायती लेक वाचली नाही, टॅलिलिन वाचली. दोघींच्या नशिबात फरक पडला तो सत्तर माणसांच्या एका सभेने.

आपल्याकडील चित्रही विचार करायला लावणारे आहे. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. ते योग्यच झाले. लातूरच्या विद्यार्थ्याला, व्यापाऱ्याला आणि रुग्णाला मुंबईची थेट गाडी मिळू नये, असे कोणताही रेल्वेप्रेमी म्हणणार नाही. जुने ते सारे राखणे शक्य नसते आणि इष्टही नसते. परंतु रूळ बदलताना स्मृतीही उखडून टाकण्याची गरज नव्हती. विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ आज थांबून आहे आणि ती पुन्हा चालावी म्हणून तेथील लोक मागणी करीत आहेत. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून उभी राहिलेली माथेरानची गाडी मात्र २००५ आणि २०१९ च्या पावसाचे तडाखे सोसून पुन्हा डोंगर चढू लागली. दार्जिलिंगच्या गाडीला युनेस्कोचा मान मिळाला तो १९९९ मध्ये. तिच्या प्रेमापोटी ब्रिटनमध्येही एक मंडळ काम करते. दूरदेशीच्या माणसांना आपल्या गाडीची ओढ असावी आणि आपल्याला तिचा इतिहासही ठाऊक नसावा, ही विसंगती दूर करण्यासारखी आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली या भागांतील अनेक घरांत बार्शी लाइटने प्रवास केलेली वडीलधारी मंडळी आजही आहेत. कोणाचे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होते, कोणी त्याच गाडीने लग्नाचे वऱ्हाड नेले, कोणी शाळेसाठी रोज ये-जा केली. नातवंडांनी एका सुटीत त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, जुनी तिकिटे आणि छायाचित्रे तारीख-ठिकाण लिहून जपून ठेवावीत. या ठेवीची मुदत फार थोडी उरली आहे; तिला मुदतवाढ मिळत नाही.

पुढील उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाणाऱ्या आजी-आजोबांनी लंडनच्या कार्यक्रमातून दोन दिवस टोविनसाठी काढावेत. गाड्या ऋतुमानानुसार ठरावीक दिवशीच धावतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. फलाटावरील स्वयंसेवकाशी बोलताना इंग्रजी अडखळले तरी हरकत नाही. बार्शीच्या गाडीचे एखादे जुने छायाचित्र बरोबर असले, तर उरलेले बोलणे ते छायाचित्रच करील.