कौतुक नको, तारीख सांगा

तुमच्या घरात, मित्रमंडळींत किंवा तुमच्या अंकाच्या लेखकांच्या यादीत ऑटिझम आणि एडीएचडी असलेलं कुणी असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. असं कुणी नाही म्हणता? कदाचित असेलही. तुम्ही त्याला ‘विक्षिप्त’, ‘तुसडी’, ‘वेंधळा’, ‘हुशार आहे, पण आळशी’ अशा नावांनी ओळखत असाल. मीही बरीच वर्षं त्याच नावांवर काढली. निदान झालं ते तिशी उलटल्यावर. मी लेख लिहिते, अनुवाद करते आणि त्यावर घर चालवायची खटपट करते. ‘आम्हाला सांभाळून घ्या’ असं मी म्हणत नाही. काम स्पष्ट सांगा, लिहून सांगा आणि आमच्या पद्धतीनं करू द्या, एवढंच मागणं आहे. याला पैसा लागत नाही, आणि फायदा तुमचाही होतो.

आधी हे दोन प्रकार काय, ते थोडक्यात. दोन्ही जन्मजात, मेंदूच्या घडणीतले. ऑटिझममध्ये, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो त्यात, समोरच्यानं न बोलता सुचवलेलं ओळखायला कष्ट पडतात. आवाज, उजेड, वास अंगावर येतात. ठरलेला क्रम मोडला की सगळा दिवस विस्कटतो, आणि आवडीच्या विषयात मात्र माणूस तळापर्यंत जातो. एडीएचडीत लक्ष कमी असतं, हा गैरसमज आहे. लक्ष भरपूर असतं, पण हवं तिथे लावता येत नाही आणि एकदा लागलं की काढता येत नाही. वेळेचा अंदाज चुकतो, आणि काम सुरू करणं हेच सर्वांत अवघड काम होऊन बसतं.

हे दोन्ही एकाच माणसात असणं दुर्मीळ नाही. तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ज्या निदान-पुस्तिकेचा, म्हणजे डीएसएमचा, आधार जगभर घेतला जातो, तिच्या आधीच्या आवृत्तीत ऑटिझम असलेल्याला एडीएचडीचं वेगळं निदान द्यायचं नाही, असा नियम होता. तो उठला 2013च्या पाचव्या आवृत्तीत. त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांचं लहानपणी फार तर एकच निदान झालं असणार, बहुतेकांचं तेही नाही. मुलींकडे तर आणखी कमी लक्ष गेलं. कोपऱ्यात बसून वाचणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी शाळेत कुणाला खटकणार?

लिहायच्या टेबलावर ऑटिझम आणि एडीएचडी यांचं पटत नाही. एकाला रोज तीच खुर्ची, तीच वही, तीच वेळ हवी असते. दुसऱ्याला चार दिवसांत त्या खुर्चीचा वीट येतो. एक म्हणतो, विषयातलं सगळं वाचल्याशिवाय ओळही लिहायची नाही. दुसरा वाचता वाचता भलत्याच गावाला पोचतो. मला एकदा रायगडातल्या खारभूमीवर आठशे शब्द हवे होते. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घालतात त्या बांधांपासून मी सुरुवात केली. बांधावरून खारफुटीकडे, तिथून मिठागरांकडे, मिठागरांवरून इंग्रजांच्या मीठकराकडे आणि तिथून थेट 1930च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाकडे गेले. टिपणांनी वही भरली होती, आणि लेखाचं पहिलं वाक्य कागदावर नव्हतं.

मग एखाद्या दुपारी ते वाक्य सापडतं. त्यानंतर चहा गार होतो, जेवण राहतं, बाथरूमला जायचंही भान नसतं आणि रात्री दहाला लेख पुरा झालेला असतो. हे बघून घरचे म्हणतात, “बघ, मनात आणलं की जमतं तुला!” हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, पण तेच जास्त लागतं. कारण त्याचा उलटा अर्थ असा निघतो, की इतर दिवशी तू मनात आणत नाहीस. इतर दिवशीही मनात तेच असतं. मनात असणं आणि हात चालू होणं यांच्यामधला जो टप्पा इतरांना जाणवतही नाही, तो आम्हाला रोज चढावा लागतो. काम अतिशय रंजक असलं किंवा अगदी गळ्याशी आलं तरच तो झटकन पार होतो. गळ्याशी आलेलं काम करून करून माणूस आजारी पडतो, म्हणून हा उपाय रोजचा नव्हे.

आता संपादकांना सांगते. मराठी दिवाळी अंकांची परंपरा 1909च्या ‘मनोरंजन’पासूनची, आणि लेख मागायची आपली रीतही बहुधा तितकीच जुनी. जूनमध्ये फोन येतो: “ताई, यंदा काहीतरी छान द्या. सवडीनं द्या. फार मोठं नको.” बोलणारा अतिशय सज्जन असतो. पण ‘काहीतरी’ म्हणजे विषय कुठला? ‘फार मोठं’ किती शब्दांनंतर सुरू होतं? ‘सवडीनं’ची तारीख कोणती? इतर लेखक हे अंदाजानं भरून काढतात. माझं डोकं त्या मोकळ्या जागेत फिरत राहतं. मग ऑगस्टमध्ये दुसरा फोन: “पानं लावायला घेतलीत, लेख कुठाय?”

त्याऐवजी असा एक मेसेज पाठवून बघा: “विषय: खारभूमीतली भातशेती. शब्द: 1200 ते 1500. कच्चा खर्डा 10 जुलैला, अर्धवट असला तरी चालेल. पक्का लेख 31 जुलैला. दुरुस्त्या मी 8 ऑगस्टपर्यंत ईमेलनं कळवीन. मानधन अमुक इतकं, अंक निघाल्यावर महिन्याभरात. फोन करायचा झाला तर आधी मेसेज करीन.” लिहायला पाच मिनिटं लागतात. यातली कच्च्या खर्ड्याची तारीख सर्वांत मोलाची, कारण एडीएचडीत दोन महिन्यांनंतरची तारीख नसल्यासारखीच असते. ‘अर्धवट चालेल’ हे शब्दही मोलाचे, कारण ऑटिझममध्ये अपुरी गोष्ट दुसऱ्याच्या हाती देणं जिवावर येतं. तुम्ही परवानगी दिलीत की ते सोपं होतं.

दुरुस्त्यांचंही तेच. “जरा अजून फुलवा” यावर मी आठवडा घालवीन आणि भलताच परिच्छेद फुलवीन. “तिसऱ्या परिच्छेदात बांध कसा घालतात, ते पाच-सहा ओळींत सांगा” म्हणालात तर दुपारपर्यंत करून देईन. लेख आवडला नसेल तर नाही म्हणा. मुळमुळीत “बघू, कळवतो” याच्यापेक्षा स्वच्छ नकार परवडतो. आणि महिनोन्‌महिने काहीच न कळवणं सर्वांत वाईट, कारण त्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्यात आमची पुढची कामं अडकतात.

हे मी संपादकांच्या मर्जीवर सोडते आहे, त्यालाही कारण आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. त्यात ऑटिझम आहे, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्र मिळालं तरी त्याचे मुख्य लाभ चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरलेल्यांना मिळतात. नोकरदाराला निदान ऑफिसात अर्ज तरी करता येतो. लेखागणिक काम करणाऱ्यानं कुणाच्या टेबलावर अर्ज ठेवायचा? त्याला सोय देणारा माणूस म्हणजे फोनच्या पलीकडचा संपादक.

घरच्यांसाठी तीन गोष्टी. पहिली, मध्येच हाक मारू नका. “फक्त एकच विचारते” म्हणून विचारलेल्या प्रश्नानं डोक्यात धरून ठेवलेलं वाक्य पुसलं जातं आणि परत येत नाही. दारावर वेळ लिहून ठेवू द्या, ती पाळा आणि वेळ संपली की बिनधास्त दार वाजवा. जेवायला उठवा, कारण भूक आम्हाला उशिरा कळते. दुसरी, आवाजाची तक्रार नाटक समजू नका. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि मालिकेचं शीर्षकगीत एकदम सुरू झालं की काही ऐकूच येईनासं होतं. पुण्यात ढोल-ताशांचा सराव नेमका दिवाळी अंकांच्या मुदतीच्या दिवसांत सुरू होतो. त्यावर माझा काही इलाज नाही, पण कानात बोळे घालून बसलेल्या माणसाला “एवढं काय त्यात?” विचारू नका.

तिसरी गोष्ट ऐकून हसू येईल, पण तिचा उपयोग फार होतो. लिहायला सुरुवात होत नसेल तेव्हा नुसते शेजारी येऊन बसा. बोलू नका, डोकावू नका, आपलं काम करा. माझी आई मेथी निवडायला घेऊन बसते. तिच्या जुडीतली शेवटची काडी संपेपर्यंत माझं एखादं पान होतं. एडीएचडी असलेली माणसं हा उपाय जगभर करतात. कुणी व्हिडिओ कॉल लावून एकमेकांसमोर गप्प काम करतं. दुसऱ्या माणसाच्या नुसत्या असण्यानं लक्षाला टेकू मिळतो.

कार्यक्रमांच्या आयोजकांना थोडंसंच. कोण न्यायला येणार, कुठे बसायचं, किती मिनिटं बोलायचं, आधी कोण बोलणार, हे आदल्या दिवशी कळवा. स्टेजवर ऐन वेळी “ताई, दोन शब्द” नको. कार्यक्रमानंतर जेवायला थांबले नाही तर तो मान नाकारणं नव्हे. चारचौघांत चारचौघांसारखं वागायला आम्हाला मेहनत पडते, आणि तिची किंमत दुसऱ्या दिवशी अंथरुणात मोजावी लागते.

“सगळ्यांनाच असं होतं की!” हे तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. होतं. फरक आहे तो किती वेळा होतं, लहानपणापासून होतं का आणि त्यापायी किती नुकसान होतं, याचा. आणि स्पष्ट तारीख, लेखी सूचना, पुरेशी शांतता यांनी इतर लेखकांचंही भलंच होईल.

दुसऱ्या टोकाला जाऊन याला दैवी देणगीही म्हणू नका. उत्तर आयर्लंडचा डारा मॅकअनल्टी ऑटिस्टिक आहे. त्याची ‘डायरी ऑफ अ यंग नॅचरलिस्ट’ 2020 साली निघाली आणि निसर्गलेखनाचा वेनराइट पुरस्कार त्याला सोळाव्या वर्षी मिळाला. पक्षी, किडे, शेवाळ यांच्याकडे तो ज्या एकाग्रतेनं बघतो, ती पुस्तकभर दिसते. पण तो ज्या घरात वाढला त्या घराला ऑटिझम ओळखीचा होता, हेही त्याच पुस्तकात आहे. मुलाच्या गुणाचं कौतुक करताना त्याच्या घराकडेही बघा. तसं घर न मिळालेली मुलं कमी गुणी नव्हती, त्यांची पुस्तकं मात्र निघाली नाहीत.

शेवटी, हे वाचताना ज्यांना आपलंच वर्णन वाटलं त्यांच्यासाठी. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओवरून निदान ठरवू नका आणि शंका मनातच कुजवतही ठेवू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. मोठ्यांची तपासणी करण्याचा अनुभव आहे का, ते आधी विचारा. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर घेऊन जा, ‘लक्ष देत नाही’, ‘वर्गात बोलत नाही’ असले शेरे तिथे कामाला येतात. एडीएचडीच्या निदानासाठी बाराव्या वर्षाआधीची लक्षणं बघतात, म्हणून लहानपण पाहिलेलं कुणी सोबत असलं तर उत्तम. झोपेच्या, थायरॉइडच्या तक्रारी, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. तेही तपासून घ्या. एडीएचडीवर मेथिलफेनिडेट, अटोमोक्सेटीन अशी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची, मैत्रिणीच्या पाकिटातली नव्हेत. औषधानं लेख लिहून होत नाही, लिहायला बसता येतं. ऑटिझम घालवणारं औषध नाही. तसा दावा करून कुणी पैसे मागत असेल तर उठून घरी या. जीव फार घाबरा झाला तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि तपासणी होईपर्यंत हात बांधून बसू नका. सुचलेलं फोनवर बोलून ठेवा. मराठी श्रुतलेखन आता बरं चालतं, चुका मागाहून काढता येतात. दिवसाचं काम थांबवताना पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवा, म्हणजे उद्या कोऱ्या पानापासून सुरुवात नको. मुदतीची तारीख डोळ्यांसमोर भिंतीवर लावा, कॅलेंडर ॲपमध्ये ती दिसेनाशी होते. आणि पुढचं काम घेताना संपादकांना स्वतःच विचारा: विषय, शब्द, दोन तारखा, मानधन. निदानाचं नाव सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. हे चार प्रश्न विचारायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.