‘ते आपले काम नव्हे’

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या आत काय चालते याची चौकशी करू नये, असा एक अलिखित संकेत आमच्या क्षेत्रात पाळला जातो. ‘ते आपले काम नव्हे’ हे त्याचे ब्रीदवाक्य. ते उच्चारताना कोणाच्या आवाजात खंत नसते, झालाच तर किंचित अभिमान असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला. (सुरक्षेपुरती वर्षभराची सोय ठेवली गेली, पण ती मुदतवाढच.) विंडोज ११च्या जाहीर अटींत ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर येतो. प्रस्तुत लेखकाचा लॅपटॉप २०१७ साली घेतलेला, स्वस्तातला. त्याची साठवणच मुळी ३२ जीबी. पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत, बॅटरी तासभर टिकणारी. दुकानदार म्हणाला, ‘सर, हा आता भंगारात.’ स्टाफरूममध्ये सल्ला मिळाला, ‘नवा घ्या, हप्त्यावर मिळतो.’

दुकानदाराशी माझे भांडण नाही. विकणे हा त्याचा व्यवसायच आहे. भांडण आहे ते आपल्याशी. वर्गात आपण बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवतो, प्रत्येक संहितेमागची सत्ता शोधायला मुलांना सांगतो. आणि एका कार्यप्रणालीची मुदत संपली म्हणजे यंत्र संपले, हे मात्र वेदवाक्य मानून पाकीट काढतो. यंत्र आणि त्यावर चालणारी प्रणाली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे साधे व्याकरणही आपण तपासत नाही.

दिवाळीच्या सुटीत लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरवून घेतली. सुमारे ३ जीबीची फाइल, एक जुना पेनड्राइव्ह. तिची किमान मागणी २ जीबी रॅम आणि २० जीबी साठवण. म्हणजे भंगारात निघालेले यंत्र येथे पात्र. आधी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, यंत्रातल्या कशालाही धक्का न लावता. ही सोय ज्यांना ठाऊक नसते तेच ‘सगळे उडून जाईल’ म्हणून घाबरवतात. (प्रत्यक्ष बसवताना डिस्क पुसली जाते हे खरे; महत्त्वाचे सारे आधी बाहेर काढून ठेवावे.) वायफाय ओळखले गेले नाही. मोबाइल तारेने जोडून इंटरनेट घेतले, हवा तो ड्रायव्हर उतरवला, आणि तासाभरात काम संपले. यंत्र नवे झाले असा दावा नाही. ब्राउझरमध्ये फार खिडक्या उघडल्या की ते आजही धापा टाकते.

‘हे अभियंत्यांचे काम’ म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तेथील शाळांतली मुले गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आहेत. आणि मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली वापरण्याची, अभ्यासण्याची, नकलण्याची आणि सुधारून पुढे देण्याची मुभा हा त्या विचाराचा गाभा. ही कल्पना मराठीवाल्याला तरी परकी वाटू नये. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती कोणाचा परवाना घेऊन?

खरा आक्षेप वेगळाच असतो, आणि तो आपण मनात ठेवतो: ‘माझे सगळे मराठी जुन्या फॉन्टमध्ये आहे.’ मीही त्याच भीतीने दोन वर्षे थांबलो होतो. २००४ साली एम.फिल.साठी गोळा केलेल्या जात्यावरच्या सुमारे ४०० ओव्या नव्या प्रणालीवर उघडल्या, तर समोर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास. दोष लिनक्सचा नव्हता. त्या फाइलींत मराठी कधी नव्हतीच. रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवला होता. फॉन्ट आणून बसवला तर मुखवटा परत दिसेलही, पण ‘पंढरी’ शोधायला जाल तर काही सापडायचे नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. म्हणजे मी त्या ओव्या टंकल्या तेव्हा तिला तेरा वर्षे होऊन गेली होती, आणि मराठीच्या एकाही मार्गदर्शकाला ते सांगावेसे वाटले नाही. ते त्यांचे काम नव्हते ना!

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले, त्यामागे निदान हेतू होता. किल्ली पंथाबाहेरच्या संशोधकांच्या हाती लागायला विसावे शतक उजाडावे लागले. आपण आपले लेखन झाकले ते निव्वळ आळसाने.

रूपांतरक मोफत मिळाला. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी साठवलेली, युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर. रफाराची तऱ्हा आणखी वेगळी. यंत्राने बरेच जुळवले, उरलेले हाताने दुरुस्त करतो आहे. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक आता नाहीत, त्यामुळे शंका आली तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न रोज पडतो. आजवर १६० झाल्या.