फुल्यांआडचे अंक

मे २०२२ च्या अखेरीस दोन दिवसांच्या अंतराने दोन सरकारी पत्रके निघाली. आधारचा कारभार पाहणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने २७ मे रोजी नागरिकांना बजावले की, आधारपत्राची छायाप्रत कोणाही संस्थेला देऊ नका. त्याऐवजी केवळ अखेरचे चार अंक दाखवणारी, बाकीचे आठ झाकलेली प्रत द्या. २९ मे रोजी ते पत्रक मागे घेण्यात आले. त्याचा विपर्यास होण्याचा संभव आहे, नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे, असा खुलासा झाला. हे तारतम्य म्हणजे काय, ते प्रवेशाच्या खिडकीपाशी झेरॉक्स घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मात्र कोणी सांगितले नाही.

झाकणे आणि कूटबद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि आपल्या कचेऱ्यांतून पहिलीलाच दुसरी समजले जाते. पडद्यावर आठ फुल्या व चार अंक दिसले की कारकुनाचे समाधान होते. फुल्यांचा उपयोग नाही असे नव्हे. ज्याला पूर्ण क्रमांकाची गरज नाही त्याच्या नजरेस तो पडू नये, एवढे काम त्या चोख करतात. परंतु संगणकाच्या पोटातील रकान्यात बारा अंक उघडेच असतील, तर त्या साठ्याची प्रत पळवणाऱ्याला फुल्यांचा काहीच अडथळा होत नाही. तेथे रकान्यातील मजकूरच कूटबद्ध असावा लागतो, आणि तो उलगडणारी किल्ली अन्यत्र असावी लागते. कुलूप लावून किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला टांगण्याची पद्धत घरोघरी आहे. संगणकविभागही तिला अपवाद नाहीत.

प्राधिकरणाला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते एकाच स्वतंत्र, कूटबद्ध तिजोरीत ठेवावेत, इतर सर्व नोंदींत त्यांच्या जागी निव्वळ संदर्भ-क्रमांक वापरावा आणि किल्ल्या खास यंत्रात ठेवाव्यात, असा आदेश त्याने जुलै २०१७ मध्येच काढला होता. आदेश उत्तम होता. मात्र त्याच वर्षी केंद्र व राज्य सरकारांची, शिक्षणसंस्थांसह, सुमारे २१० संकेतस्थळे लाभार्थींची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघडपणे दाखवीत असल्याचे सरकारला संसदेत सांगावे लागले.

अर्धवट उपायांचा मोह तर याहून घातक. क्रमांकाचे गणिती रूपांतर करून ठेवले की तो ओळखू येत नाही, असा एक समज आहे. आधारचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. म्हणजे संभाव्य क्रमांक उरतात सुमारे आठ हजार कोटी. माणसाला ही संख्या अफाट वाटते, पण संगणक एकेकाचे रूपांतर करून थोडक्या वेळात सगळे जुळवून दाखवतो. न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये सतरा कोटींहून अधिक टॅक्सी-फेऱ्यांची माहिती परवाना क्रमांक अशाच रीतीने ‘लपवून’ दिली होती. ते क्रमांक काही तासांत उघडे पडले.

इतके सगळे ज्ञात असता संस्था हयगय का करतात? तिजोरीचा, यंत्राचा, जाणकार माणसाच्या पगाराचा खर्च संस्थेने सोसावयाचा. माहिती फुटली तर नुकसान मात्र ज्याचा क्रमांक आहे त्याचे. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने आजारी पडावे, तसाच हा हिशेब. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेतील कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या नियमांत कूटबद्धता व झाकणे या उपायांचा नावानिशी उल्लेख आहे. पण दंडाची रक्कम जाणार भारताच्या संचित निधीत. बाधित व्यक्तीला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती तक्रारीपलीकडे फारसे उरत नाही. संसदेने या त्रुटीकडे पुन्हा पाहावयास हवे.

तालुक्याच्या महाविद्यालयाला खास यंत्र परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याला एवढे क्रमांक हवेतच कशाला? शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी आपला आधार महाडीबीटीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळतो. ग्रंथालयाच्या ओळखपत्राला, स्नेहसंमेलनाच्या यादीला, सहलीच्या अर्जाला त्याची आवश्यकता नाही. छापील अर्जातील तो रकाना वगळण्यास आणि कपाटातील जुन्या छायाप्रती नष्ट करण्यास निविदा मागवाव्या लागत नाहीत. प्राचार्यांची सही पुरते.