जाताना तीन तास, येताना सव्वासात?

वाघोलीकरांना विमानाचं अप्रूप नाही. लोहगावचा विमानतळ शेजारीच. शिकवताना आवाज घुमला की मी खडू खाली ठेवते आणि ते जाऊ देते. पण मागच्या महिन्यात सासूबाईंच्या उमऱ्याची तिकिटं घरी आली आणि आमच्या आठवीतल्या मुलीनं विचारलं, “अम्मी, दादीला जायला तीन तास अन् यायला सव्वासात तास कसे?”

तिकिटावर तसंच होतं. मुंबईहून सकाळी १० ला सुटून जेद्दाला दुपारी १ ला पोहोचायचं. परतीला दुपारी ३ ला निघून रात्री सव्वादहाला मुंबई. सासूबाईंनी त्यावरूनच ठरवलं होतं, “तीन तासांचा तर सफर. उतरून जेवीन.” त्यांना शुगर आहे, सकाळी इन्सुलिन असतं. म्हणून मी वही काढली.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे जाताना अडीच तास मिळवायचे : साडेपाच तास. येताना वजा करायचे : पावणेपाच.

“तरी पाऊण तासाचा फरक राहिलाच की,” मुलगी म्हणाली. बरोबर होतं तिचं. मुंबई ते जेद्दा सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, दोन्ही बाजूंनी तेवढंच. फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात त्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमानाचा वेग ताशी ८५० धरा आणि वारा ७० चा. जाताना उरतात ७८०, येताना होतात ९२०. भागाकार तिनं स्वतः केला. चाळीस मिनिटांचा फरक आला. बाकीचा वेळ धावपट्टीवर, चढण्या-उतरण्यात जातो. (सायकलवर वाऱ्याविरुद्ध शाळेत येणाऱ्या मुलांना हे गणित फळ्याशिवाय कळतं.)

आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी मुंबईहून जहाजानं हज केलेला आहे. तो समुद्रमार्ग १९९५ मध्ये बंद झाला. तेव्हा दिवस मोजायचे, आणि यलमलमच्या समोर जहाज आलं की एहराम बांधायला निवांत वेळ असायचा. विमान मीकातवरून काही क्षणांत पुढे जातं, जेद्दाला उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी. म्हणून पुरुष मंडळी एहराम घरून किंवा विमानतळावरच बांधतात आणि नियत विमानात करतात. सासूबाईंना सांगितलं, आपल्या घड्याळात तीनच्या सुमारास जाग्या राहा, घोषणेकडे कान ठेवा.

जेवणाचं मात्र डॉक्टरांना विचारलं. साडेपाच तास, त्यावर इमिग्रेशनची रांग, सामान. आणि त्याआधी विमानतळावर तीन तास. उपाशी राहून साखर उतरली तर काय? त्यांनी इन्सुलिनच्या वेळा कागदावर लिहून दिल्या, सगळ्या भारतीय वेळेत. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, सोबत चिठ्ठी. खाली मालखान्यात टाकायचं नाही, तिथे ते गोठू शकतं.

आता चपातीचा डबा, खजूर आणि गोळ्यांची पुडी बांधून तयार आहे. मुलगी दादीचं मनगटी घड्याळ सौदीच्या वेळेला लावायला निघाली होती. सासूबाईंनी हात मागे घेतला. “मोबाईल बदलू दे स्वतःहून. हे वाघोलीचंच राहील.”