पेट्रोलपेक्षा पाणी महाग!

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळचं अल्टाडेना वणव्यात होरपळलं, तेव्हा तिथल्या अनेक वाचकांना एक जुनी कादंबरी आठवली. ऑक्टाव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’, म्हणजे पेरणाऱ्याचा दृष्टांत. कादंबरी आली १९९३ साली, पण तिची गोष्ट सुरू होते जुलै २०२४ मध्ये. नायिकेच्या डायरीत १ फेब्रुवारी २०२५ या तारखेला चक्क आगीची नोंद आहे! २००६ साली वारलेल्या बटलरबाईंचं दफनही त्याच अल्टाडेनात झालेलं. मग काय, ‘बाईंना भविष्य दिसत होतं’ अशी चर्चा रंगली.

भविष्यबिविष्य काही नाही हो. बाईंची आई लोकांच्या घरी कामाला जायची, मागच्या दारानं आत शिरायची. लहानपणी हे पाहिलेल्या मुलीला जग कुठं चाललंय हे कळायला पत्रिका लागत नाही.

कादंबरीतली लॉरेन पंधरा वर्षांची. तटबंदी घातलेल्या वस्तीत राहते. भिंतीबाहेर भूक, लुटालूट, आगी. पोलिसांना बोलवायचं तर पैसे मोजा. पाणी पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग. एके दिवशी वस्ती लुटली जाते, जाळली जाते. ही पोरगी पुरुषाचा वेश करून हमरस्त्यानं उत्तरेकडे चालू लागते. वाटेत माणसं जोडत जाते. शेवटी ज्या जमिनीच्या आशेनं चालले, तिथलं घरही जळालेलं निघतं. तिथंच आपल्या मेलेल्या माणसांच्या नावानं ओकच्या बिया पुरून ही मंडळी वस्ती करतात.

पुस्तक इंग्रजी, म्हणून आमच्या भिशीत मी ते तोंडी सांगितलं. तीन महिने पुरलं! गोष्टीपेक्षा बायकांची मतंच ऐकण्यासारखी होती.

पाणी महाग म्हटल्यावर सगळ्या हसल्याच. ‘यात नवीन काय?’ चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या सोलापुरात लग्नाला जायचं की नाही, माहेरी किती दिवस राहायचं, हे पाण्याच्या वारावर ठरवत आलो आपण. उजनीचं ‘मायनस’ तर आपल्या पोरांनाही कळतं. २०२३ ला धरण भरलं नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात, नेमक्या लॉरेनच्या गोष्टीच्या वर्षी, ते खोल मायनसमध्ये गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी भरलीसुद्धा. पण धरण भरलं म्हणून नळ रोज आला का? नाही! म्हणजे दुष्काळ आभाळातला कमी आणि जलवाहिनी, टाक्या, नियोजन यातला जास्त. कादंबरीतही नेमकं हेच आहे. प्रलय एका रात्रीत येत नाही. एकेक सोय बंद होते आणि माणसं तिची सवय करून घेतात.

लॉरेन पळून जायची वेळ येईल म्हणून एक पिशवी भरून ठेवते. पाणी, पैसे, खाण्याचं, बियाणं. ‘आणि रेशनकार्ड?’ एकीनं लगेच विचारलं. मंगळवेढ्याकडच्या एक मावशी मात्र बियाण्यावर खूश. त्यांची आई दुष्काळातही ज्वारीचं बी कडुलिंबाचा पाला घालून वेगळं ठेवायची. उपाशी राहिली, पण त्या बियाला हात लावला नाही.

खरा वाद पेटला तो ‘आशा’ या शब्दावरून. एक तरुण सूनबाई तडकून म्हणाली, ‘सगळं जळाल्यावर बाईनं पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करायची आणि त्याला आशा म्हणायचं? ही तर आपली रोजचीच सवय!’ बोलणं झोंबलं, पण प्रश्न खरा आहे. बॅरल भरून ठेवणं ही तरतूद झाली. त्याला आशा कसं म्हणणार?

मला वाटतं, फरक एका प्रसंगात आहे. वस्ती टिकणार नाही हे लॉरेन मैत्रिणीला सांगते, ती घाबरते, बोभाटा होतो. तेव्हा वडील लॉरेनला समजावतात की लोकांना नुसतं घाबरवू नकोस, काहीतरी शिकव. पुढं रस्त्यावर ती तेच करते. रात्री पाळीपाळीनं जागायचं, वाटून खायचं, अडलेल्याला सोबत घ्यायचं. एकटीपुरतं नाही.

आपल्याकडं याचा दाखला शोधायला लांब जायला नको. कुंभारीला जाऊन या. घरी बसून विड्या वळणाऱ्या, छाटून टाकलेल्या विड्यांचे पैसे बुडताना बघणाऱ्या बायका आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं उभी राहिली. पुढं रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. तिथंही अडचणी आहेत, गोकुळ नाही ते. पण एकेकीनं आपापल्या झोपडीवर नवा पत्रा टाकला असता, तर ही घरं झाली असती का?

आणि पाण्याचं आपण काय केलं? नळाला मोटर लावली. शेजारणीचं पाणी आपल्या टाकीत ओढलं. तिनं त्याहून मोठी मोटर लावली. लॉरेनच्या वस्तीभोवतीची भिंत काय निराळी होती? हे मी भिशीत बोलले तेव्हा चहाचे कप उचलायची एकदम घाई सुरू झाली! मग ती सूनबाईच म्हणाली, ‘मोटरी काढायच्या तर गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी काढाव्या लागतील.’ यादी करायची ठरलंय. अकरा घरं तयार आहेत, चार नाहीत.

या कादंबरीचा पुढचा भाग १९९८ साली आला. त्यात लॉरेनची ती वस्ती हिसकावली जाते, मुलं आयांपासून तोडली जातात. हे मी भिशीत अजून सांगितलेलं नाही. यादी पुरी होऊ दे, मग बघू.