इंग्रजीचा शिक्षक कोठे घडतो?



आपल्या वस्तीतील पुष्कळ घरांत आज एखादा मुलगा अगर मुलगी डी.एल.एड. किंवा बी.एड. करीत आहे, आणि त्यांपैकी कित्येकांनी इंग्रजी हा अध्यापनाचा विषय घेतला आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या मुलांना घरात एक प्रश्न कोणीच विचारीत नाही. गुण किती पडले, शुल्क किती भरावयाचे आणि नोकरी केव्हा लागेल, हे आपण विचारतो. ‘बाळ, खऱ्याखुऱ्या मुलांपुढे उभे राहून तू किती तास घेतलेस, आणि त्या मुलांना इंग्रजी आले का?’ असे मात्र आपण विचारीत नाही. आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नासंबंधी आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथील टेकाडाचे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या विद्वानांनी तेथे सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, त्यांच्या धान्य साठविण्याच्या जागा आणि घरातील जमिनीखालची दफने उजेडात आणली. आता विचार करा. मातीची पडलेली भिंत आणि तिच्या भोवतालची माती यांतील भेद पुस्तक वाचून कळत नाही. उन्हात बसून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, आपल्या हाताने माती खरवडून पाहिल्यावरच तो कळू लागतो. म्हणून पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यास टेकाडावर न्यावे लागते. जुनी माती ओळखावयास जर एवढा सराव लागतो, तर त्याच गावातील जिवंत मुलांची मने ओळखावयास तो किती लागेल? इनामगावसारख्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवावयाचे असेल, तर त्याची तयारी शहरातील व्याख्यानाच्या खोलीत पुरी होईल काय?

नियम करणाऱ्यांनाही हे पटले होते. पूर्वी बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता व त्यातील सराव पाठ थोड्या आठवड्यांत उरकले जात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवी नियमावली केली. तिच्यानुसार २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालविण्याची तरतूद आली. त्यांपैकी ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. आपल्याकडे यास छात्रसेवाकाल किंवा आंतरवासिता म्हणतात. छात्राध्यापकाने आधी अनुभवी शिक्षकाचे तास पाहावेत, मग थोडे शिकवावे, मग पूर्ण तास घ्यावा, आणि प्रत्येक वेळी काय चुकले हे मार्गदर्शकाकडून समजून घ्यावे, हा त्यामागील हेतू.

सर्वच विषयांना सराव हवा. मग इंग्रजीचाच आग्रह का? कारण सरळ आहे. गणितातील देवघेव मूल बाजारात पाहते आणि मराठी तर घरातच ऐकते. इंग्रजी मात्र आपल्या वस्तीत कानावर पडत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने ही भाषा ऐकावी कोणाच्या तोंडून? शिक्षकाच्याच. आणि ही भाषा आपल्यास केवळ प्रतिष्ठेसाठी नको आहे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, संसदेने कायद्याने अन्यथा तरतूद करीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतून चालावयाचे आहे. ज्या निकालावर आपली जमीन, आपली नोकरी अगर आपला सन्मान अवलंबून असतो, तो निकाल ज्यास वाचता येत नाही, त्यास आपला हक्क दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो.

अध्यापक महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन नावाचा एक चांगला प्रकार आहे. ६ मिनिटे शिकवावयाचे, ६ मिनिटे चुका ऐकावयाच्या, १२ मिनिटांत पाठ नव्याने बांधावयाचा, ६ मिनिटे पुन्हा शिकवावयाचे आणि ६ मिनिटे पुन्हा ऐकावयाचे, असे ३६ मिनिटांचे हे चक्र असते. परंतु तेथे समोर मुले म्हणून बसतात ते बहुधा बरोबरीचे छात्राध्यापकच. त्यांना उत्तरे आधीच येतात. खिडकी उघडावयास इंग्रजीत सांगितले की ते उठून खिडकी उघडतात. गावच्या वर्गात मात्र तेच वाक्य उच्चारले की तीस चेहरे तुमच्याकडे पाहत राहतात. त्यांत ऊसतोडणी कामगाराचे मूल असते, आणि रांजणगावच्या कारखान्यांत कामासाठी परप्रांतांतून आलेल्या कुटुंबाचे, घरात हिंदी बोलणारे मूलही असते. कधी एकाच खोलीत दोन इयत्ता बसलेल्या असतात.

मग एखादी धीट मुलगी विचारते, ‘बाई, पी-यू-टी पुट, तर मग बी-यू-टी बुट का नाही?’ ‘असेच असते, पाठ कर’ हे उत्तर सोपे आहे. पण ते ऐकून ती मुलगी पुन्हा प्रश्न विचारणार नाही. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचे आपल्या देवनागरीप्रमाणे ठाम नाते नाही, हे तिला प्रथम सांगितले पाहिजे. मग बट, कट, नट हे शब्द एका बाजूस आणि पुट, पुल, पुश, फुल हे शब्द दुसऱ्या बाजूस फळ्यावर लिहून दोन्ही गट तिच्याकडून म्हणवून घेतले पाहिजेत. मराठीत ‘मी पाणी पितो’ असे क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. ही गोष्ट व्याकरणाची व्याख्या सांगून मुलांच्या मनात उतरत नाही. तीन मुलांच्या हाती तीन शब्दांच्या चिठ्ठ्या देऊन त्यांना जागा बदलावयास लावले की ती उतरते. अशा युक्त्या वहीतील पाठ टाचणात लिहिता येतात, पण त्या चालतात की नाही हे वर्गातच कळते.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी देतो. त्यातील एक बाजू मात्र आपल्या नजरेतून सुटते. त्यांचे वडील रामजी सुभेदार हे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून तयार झालेले शिक्षक होते आणि लष्करी शाळेत त्यांनी चौदा वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. भीमरावांचे इंग्रजी व भाषांतर घरी पक्के करून घेतले ते या पित्याने. शिकविण्याचे शिक्षण घेतलेला एक माणूस घरात होता, याचे मोल केवढे ठरले! आणि त्याच भीमरावांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा वर्गातील सवर्ण मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून धावत जाऊन बाजूस काढले. ज्या फळ्याकडे जाताना हा अपमान झाला, त्या फळ्यापुढे आज आपली मुलगी शिक्षिका म्हणून उभी राहू शकते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबातील मुलासही अध्यापक विद्यालयातील राखीव जागेवर हक्क सांगता येतो. त्या जागेचा उपयोग आपण कसा करतो, हा आता आपला प्रश्न आहे.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक असावेत आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, असे मागितले. मुलांपासून दूर राहणाऱ्या शिक्षकापेक्षा त्यांच्यात मिसळणारा शिक्षक त्यांच्या गरजा अधिक जाणतो, हे त्यांचे म्हणणे होते. प्रसंगी असा शिक्षक नांगराची मूठही धरू शकला पाहिजे, असे त्यांना वाटे. आपल्या घरातून निघणारा शिक्षक मुलांत मिसळेल यात शंका नाही. पण त्याने प्रशिक्षितही असले पाहिजे. जोतीरावांनी दोन्ही गोष्टी एकदमच मागितल्या होत्या.

भगवंतांच्या शासनातील चुल्लपंथकाची कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. चार महिने घोकूनही त्यास एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने त्यास मंद ठरवून घरी परत जावयास सांगितले. भगवंतांनी मात्र त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्यास अनित्यतेचे ज्ञान झाले. शिष्य तोच; शिकविण्याची रीत बदलली. ‘या मुलाच्या डोक्यात इंग्रजी शिरत नाही’ असे जो शिक्षक म्हणतो, त्याने थोरल्या पंथकाची वाट धरली असे समजावे. दुसरी वाट सापडण्यास मुलांजवळ बसावे लागते, आणि २० आठवडे त्याचसाठी आहेत.

आता एक कटु गोष्ट बोलणे प्राप्त आहे. बी.एड.ला नाव घातले, पैसे भरले आणि वर्गात न जाताच हजेरी लागली, अशी व्यवस्था काही ठिकाणी मिळते, हे तुम्हा-आम्हास ठाऊक आहे. छात्रसेवाकालाच्या वहीवर न घेतलेल्या तासांच्या सह्याही मिळतात. मुलास शहरात पोटापाण्याचे काम करावे लागते, म्हणून आईबाप ही वाट पत्करतात. त्यांची अडचण मी जाणतो. नोकरभरती वर्षानुवर्षे रखडते, आणि पदविका घेऊन बसलेले तरुण आपल्याच वस्तीत आहेत. तरीही मी विचारतो: असत्य भाषणापासून विरत राहण्याचे शील आपण विहारात रोज ग्रहण करतो, ते या वहीला लागू नाही काय? आणि या असत्याची किंमत कोण भरतो? पुढे नोकरी लागल्यावर ज्या चाळीस मुलांपुढे हा तरुण उभा राहील, ती मुले भरतात. त्यांत आपलीच मुले अधिक असतील, कारण ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांची मुले गावच्या शाळेत थोडीच राहिली आहेत.

कोणी म्हणेल, शिकाऊ शिक्षकाने आमच्याच मुलांवर हात का बसवावा? शंका योग्य आहे. म्हणूनच छात्राध्यापकास वर्गात एकटे सोडून मुख्य शिक्षकाने दुसऱ्या कामास निघून जाणे चूक आहे. त्यास कारकुनीच्या कामाला जुंपणेही चूकच. अनुभवी शिक्षक मागे बसलेला असेल, तर चूक त्याच दिवशी दुरुस्त होते. सराव न करता आलेला शिक्षक मात्र नोकरी लागल्यावर चुका करीत शिकतो, आणि तेव्हा मागे कोणी बसलेले नसते.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट घरातील आहे. शिकणाऱ्या मुलास आठवड्यातून एकदा विचारा की, या आठवड्यात कोणते पाठ घेतलेस आणि कोणते मूल गप्प राहिले. स्वतःस इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न आईला विचारता येतो. दुसरी गोष्ट विहारातील. रविवारी सायंकाळी वस्तीतील मुलांसाठी तासभर इंग्रजीचा वर्ग चालवा आणि तो आपल्या छात्राध्यापकांकडे सोपवा. एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने मागे बसून टिपणे काढावीत. तिसरी गोष्ट शाळेतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. त्या समितीत बसा. अध्यापक विद्यालयाचे छात्राध्यापक आपल्या शाळेत यावेत अशी मागणी करा, आणि ते आल्यावर त्यांच्याबरोबर मार्गदर्शक वर्गात बसतो की नाही, हे पाहा.

इनामगाव शहरापासून दूर आहे, म्हणून तेथील टेकाडाचा अभ्यास विद्वानांनी पुण्यात बसून केला नाही; ते तेथे गेले आणि वर्षानुवर्षे राहिले. आपल्या गावच्या मुलांचा अधिकार त्या मातीहून कमी नाही. आपल्या घरात जो उद्याचा शिक्षक तयार होत आहे, त्यास आजच फळ्यापुढे उभे करा.

जयभीम.