मालदीवला निघालेल्या बाईंची बॅग



इंदापूर तालुक्यातील आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याची थोरली मुलगी एम.एस्सी., बी.एड. झालेली. चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले, पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली आणि अखेर मालदीवमधील एका बेटावरच्या शाळेत गणित शिकवण्याची ऑर्डर आली. गेल्या महिन्यात एका रविवारी आई-वडिलांसह ती बारामतीला माझ्याकडे आली. "काका, कागद नजरेखालून घाला आणि बरोबर काय न्यायचे तेही सांगा," म्हणाली.

कागदांआधी एका एजंटाचा विषय निघाला. त्याने दीड लाख रुपये मागितले होते आणि वडील पतपेढीचे कर्ज काढायला निघाले होते. समाजबांधवांनो, परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. "आधी टुरिस्ट म्हणून चला, परवाना तिथे काढू," असे कोणी म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नये. कामाचा परवाना हाती आल्याशिवाय घर सोडायचे नाही. सुदैवाने मुलीने अर्ज स्वतःच केलेला होता. एजंट मधेच घुसला होता. कर्ज वाचले.

मग कागद पाहिले. शाळेच्या दाखल्यावर नावाचे एक स्पेलिंग, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. आपल्या घरांत हे फार होते. पहिल्या पिढीच्या दाखल्यावर मास्तरांनी ऐकू आले ते लिहिले आणि पुढे तेच चालत राहिले. हे निघण्याच्या आठवड्यात सुधारत नाही. गॅझेट, प्रतिज्ञापत्र यांना वेळ लागतो. पदवीच्या साक्षांकनासाठी कोणाकोणाचे शिक्के हवेत ते नेमणूक देणाऱ्यांकडून लेखी मागवावे. जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र मात्र घरीच, आईच्या पेटीत. परदेशात त्याचा उपयोग नाही आणि उद्या इकडे सरकारी जागा निघाली तर त्याच्यावाचून अडेल.

पदव्यांचे मूळ कागद खांद्यावरच्या पिशवीत, जवळ ठेवायचे. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ गेले आणि भरपाई मिळाली ६०० रुपये. आज पाणबुडीची भीती नाही, पण विमान बदलताना बॅग मागे राहणे नेहमीचे आहे. मोबाईलची पॉवर बँकही हातातल्या पिशवीतच. ती मोठ्या बॅगेत चालत नाही.

आता खरा प्रश्न. आईने बॅगेच्या तळाशी साडीत गुंडाळून तथागतांची वीतभर मूर्ती ठेवली होती. मी ती काढायला सांगितली. माउलीच्या डोळ्यांत पाणी आले. "भाऊ, तुम्हीच असे म्हणता?"

मला म्हणावे लागले. मालदीव हे इस्लामी राष्ट्र आहे आणि तिथे पूजेच्या मूर्ती आत नेण्यास बंदी आहे. दारू आणि डुकराचे मांसही चालत नाही. धर्माचरण परकीयांनी आपल्या खोलीपुरते ठेवायचे, चारचौघांत नाही. विमानतळावर मूर्ती सापडली तर ती जाईलच, वर नवी नोकरी अडचणीत येईल. हे पटायला जड आहे, कारण हीच बेटे इ.स. ११५३ मध्ये तिथल्या राजाने इस्लाम स्वीकारेपर्यंत बौद्धांची होती. १९२२ साली बेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे स्तूपांचे अवशेष शोधले. माले येथील राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या बौद्ध मूर्ती होत्या. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी राजकीय गोंधळात जमाव आत घुसला आणि त्या फोडल्या. मुलगी हे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "काका, त्रिशरण-पंचशील मला पाठ आहे. ते कोण तपासणार?" बाबासाहेबांचा छोटा फोटो तिच्या पाकिटात होता. तो घरच्या वडीलधाऱ्याचा फोटो. राहू द्या म्हटले.

बाकीचे सोपे आहे. सुती, पूर्ण बाह्यांचे, अंगभर कपडे घ्यावेत. हवा बाराही महिने दमट. स्वेटर नको, छत्री हवी. तिकडचे प्लग बहुधा चौकोनी तीन पिनांचे, म्हणून एक ॲडॉप्टर. चष्म्याचा जादा जोड. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची कडक औषधे विचारल्याशिवाय नेऊ नयेत. जेवणात मुख्यतः मासा, भात, नारळ. भिगवणच्या बाजारातले उजनीचे मासे खाऊन वाढलेल्या मुलीला त्याचे काय! पण तिकडे टुना. आपला काळा मसाला लागणारच, तो घट्ट बंद पाकिटात द्यावा. वडील साखर देत होते. त्यांना सांगितले, भारताने २०२४-२५ सालासाठी मालदीवला ६४ हजार टनांहून जास्त साखर देण्याचे ठरवले होते, कांदाही दिला. आपल्या कारखान्यांचीच एखादी गोणी तिथे तुमच्या मुलीच्या आधी पोहोचली असेल.

पगाराचे एक सांगायचे राहिले. स्टेट बँक माले येथे १९७४ पासून आहे, परंतु महिन्याला घरी किती रक्कम पाठवता येते यावर मर्यादा असते आणि ती बदलते. तेव्हा पहिल्याच पगाराच्या भरवशावर इकडे हप्ता बांधू नये. मुलीजवळ निदान दोन महिन्यांचा खर्च असावा.

निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग ठेवली. तिकिटावर लिहिले होते त्यापेक्षा दोन किलो जास्त भरली. आईने ज्वारीच्या पिठाची पिशवी काढली, मसाला ठेवला. मूर्ती घरात, खिडकीजवळच्या फळीवर परत गेली आहे.